अमोनिया दोन

माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझी भावजय सांगेलच. अठरा वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि अठरा वर्षं एकाच गोष्टीवरून डोकं फिरवून घेते. मुलं उत्तर बरोबर काढतात आणि अट लिहीत नाहीत. कुठल्या तापमानाला, कुठल्या पीएचला, काही नाही. नुसता आकडा, खाली दोन रेघा, आणि पेन बंद. मी अर्धा मार्क कापते. मग पालक भांडायला येतात, "उत्तर तर बरोबर आहे ना, मॅडम?" मी म्हणते, अट नसेल तर ते उत्तरच नाही. त्या अर्ध्या मार्कापायी मी एकदा प्राचार्यांशी आठवडाभर अबोला धरला होता.

त्या दिवशी सकाळी दहाला, दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, माझ्या भावाचा फोन आला.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात. आता तो दारातून आत येताना मान वाकवतो, पण नाव काही सुटलं नाही. तो माशांची पिल्लं तयार करून तळीवाल्यांना देतो. त्याच्या शेडमध्ये सहा हजार लिटरचा एक मोठा हौद आहे आणि त्यात पैदाशीचे एक्केचाळीस मासे. सात वर्षं, दरवर्षीच्या हजारो पिल्लांतून पारखून पारखून त्याने हे एवढे ठेवले होते. झपाट्याने वाढणारे, रोगराईला दाद न देणारे. असे मासे विकत मिळत नाहीत, कारण ते दुसरीकडे कुठे नाहीतच. तो हौद गेला असता तर बारक्याची सात वर्षं गेली असती, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडे अशी सात वर्षं पुन्हा काढायला नसतात.

"ताई, मोठ्या हौदात अमोनिया दोन आलाय," तो म्हणाला. "मासे जरा मंद वाटतायत. चालेल का?"

मी वर्गाच्या दारात उभी, बगलेत हजेरीपट, आत साठ जणांचा गलका.

"दोन ना? चालेल. आज खाणं बंद ठेव."

"अजून काही बघू का?"

"नको रे, माझा तास आहे."

एवढंच बोलणं झालं. फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात काळजी नव्हती, उलट जरा फुशारकीच होती. बारक्याला आकड्यांची धास्ती आहे आणि ती माझी देणगी आहे. शाळेत असताना मी त्याला शिकवायला बसायचे आणि दर दहा मिनिटांनी "तुझ्या डोक्यात खडे भरलेत" म्हणून सुनवायचे. त्यामुळे मासा आजारी आहे हे तो लांबून, नुसत्या पोहण्यावरून सांगतो, पण आकडा आला की ताईला फोन. ताईने सांगितलं की विषय संपला.

दुपारी साडेबाराला मी स्टाफरूममध्ये सहामाहीचा पेपर काढत होते. तिसऱ्या प्रश्नात माझं ठरलेलं गणित असतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक नुसता अमोनिया, आणि दुसरा हायड्रोजनचा एक कण अंगावर घेतलेला, त्याला अमोनियम म्हणतात. दोन्ही रूपं सारखी एकमेकांत बदलत असतात, जाणारे जेवढे तेवढेच येणारे, म्हणून बाहेरून सगळं शांत दिसतं. हा समतोल. कुठल्या रूपाचा वाटा किती, हे समतोल स्थिरांकावरून निघतं: अमोनिया गुणिले हायड्रोजनचे कण, भागिले अमोनियम. तीस अंशांच्या पाण्यात हा स्थिरांक येतो दशांश चिन्हानंतर नऊ शून्यं आणि मग आठ. पीएच साडेसात असला की उत्तर येतं चाळीस अमोनियमला एक अमोनिया.

हे उत्तर मला झोपेतही सांगता येतं, आणि अडचण अशी की गाइडवाल्यांनाही. मागच्या वर्षी निम्म्या वर्गाने गणित न करताच 'चाळीसास एक' लिहून ठेवलं होतं. म्हटलं, थांबा लेको. साडेसात खोडून मी साडेआठ केलं. पीएच एकाने वाढला म्हणजे हायड्रोजनचे कण दहा पटींनी घटले. स्थिरांक तर जागचा हलत नाही. मग हलायचं कोणी? अमोनियाचा वाटा दहा पटींनी वाढला तरच हिशेब जुळतो. नवीन उत्तर आलं, चार अमोनियमला एक अमोनिया. मी खूश. गणित आणखी थोडं लांबवावं म्हणून पुढे लिहिलं, 'पाण्यातील एकूण अमोनिया प्रति लिटर दोन मिलिग्रॅम असल्यास...'

दोन लिहिलं आणि हात थांबला.

बारक्याच्या चाचणीच्या नळीत जो हिरवा रंग येतो तो दोन्ही रूपांची बेरीज दाखवतो. माशाला मारतं त्यातलं एकच रूप. अमोनियम बहुतेक बाहेरच राहतं, नुसता अमोनिया मात्र कल्ल्यांतून सरळ रक्तात जातो. चाळीसात एक असेल तर दोन हा आकडा किरकोळ. चारास एक असेल तर तोच दोन म्हणजे विष. आणि मी सकाळी पीएच विचारलाच नव्हता. अठरा वर्षं अटीसाठी भांडणारी बाई, आणि स्वतःच्या भावाला नुसतं 'चालेल' सांगून तासाला गेली.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बारक्या हौदावर असला की फोन कपाटात ठेवतो, कारण आधीचे दोन त्याने पाण्यात घालवलेत. मग भावजयीला लावला.

"हं ताई, बोला ना," वहिनी म्हणाली.

"बारक्या कुठाय?"

"हौदावर. मघाशी ते माशांचे औषधवाले आले होते. नळी बघून म्हणाले, अमोनियावर चुना मारा, पाणी गोड होईल. आता चुना घालतायत."

"वहिनी, पळ. जाऊन त्याचा हात धर. एक चिमूटही आणखी नको."

"अहो पण झालं काय?"

"पळ गं आधी!"

चुना पीएच वर चढवतो. हे मला नववीपासून माहीत आहे. औषधवाल्यालाही माहीत असायला हवं होतं, पण त्याच्याकडे मी नंतर बघणार होते. उपप्राचार्यांना "घरी अडचण आहे" एवढं सांगून मी स्कूटर काढली. पंचवीस मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नलला मी मनात तेच गणित पुन्हा करत होते. पीएच आठ असेल तर? साडेआठ असेल तर? उत्तरं सगळी बरोबर येत होती आणि त्यांचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

शेडमध्ये शिरले तर पहिल्यांदा दिसली ती पाटी. प्रत्येक हौदाच्या डोक्यावर बारक्याने एकेक काळी पाटी टांगली आहे. जी चाचणी होईल ती तो खडूने तिथे लिहितो. वेळ, आकडा, आणि ज्याच्या सांगण्यावरून निर्णय घेतला त्याचं नाव. मागे कधीतरी एका कामगाराने परस्पर औषध टाकून चार मासे मारले, तेव्हापासूनची ही शिस्त. मोठ्या हौदाच्या पाटीवर लिहिलं होतं:

'सकाळी १०. अमोनिया २. ताई: चालेल.'

त्याखाली, 'दुपारी १२.३०. चुना २ मुठी. औषधवाले.'

आणि पाटीखाली मासे. सगळे वर आलेले. तोंडं पाण्याबाहेर, उघडमीट उघडमीट. एरवी एवढे मासे वर आले की पाणी उसळतं, पण आता हौदात आवाज नव्हता. दोन मासे आडवे होऊन नुसते तरंगत होते. बारक्या काठावर गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत ओला. वहिनी त्याच्या बाजूला चुन्याचा डबा पोटाशी धरून उभी. तिने डबा खरंच हिसकावून घेतला होता.

"ताई, बघ गं काय झालंय," बारक्या म्हणाला. "मी आत्ता पुन्हा चाचणी केली. हे बघ, दोनच आहे. वाढलेला नाही! मग का मरतायत?"

त्याने नळी माझ्यापुढे धरली. तोच हिरवा. रंगात तसूभर फरक नव्हता.

"मीटर दे. पीएचचं."

"ते कशाला?"

"बारक्या, मीटर!"

मीटर पेनाएवढं. पाण्यात धरलं. आकडा चढत चढत गेला आणि नऊवर थांबला. मी डोक्यातल्या डोक्यात गणित केलं. पाच अमोनियमला चार अमोनिया. एकूण तेवढंच, पण आता जवळजवळ निम्मं विष होतं.

"सकाळी किती होता पीएच?"

"सकाळी मीटर लावलंच नाही. तू विचारलं नाहीस." तो तक्रार करत नव्हता, जसं झालं तसं सांगत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "मासे मंद वाटत होते. तू चालेल म्हणालीस म्हणून निर्धास्त होतो. मग औषधवाले म्हणाले चुना घाल. म्हटलं, ताईने चालेल सांगितलंच आहे, अजून थोडं बरं होत असेल तर होऊ दे."

तो उठला आणि बोअरच्या नळाकडे निघाला. "नवीन पाणी सोडतो. अर्धं पाणी बदलू."

मी त्याच्या आधी धावले. नळ सोडून ओंजळभर पाण्यात मीटर धरलं. आठ पूर्णांक तीन. हौदातल्यापेक्षा बरं, पण तेवढ्यावर निभावणारं नव्हतं, आणि अर्धा हौद बदलायला दोन तास लागतात. दोन तास माशांकडे नव्हते.

"हौद धुवायचं ॲसिड आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"पीएच खाली आणायचा. पाण्यात हायड्रोजनचे कण वाढले की अमोनिया ते अंगावर घेतो आणि अमोनियम होतो. लगेच होतं, त्याला वेळ लागत नाही. साडेसातवर आणलं की विष चाळीसात एक उरेल."

"ॲसिड? माझ्या माशांवर?" तो माझ्या आणि हौदाच्या मधे येऊन उभा राहिला. सहा फुटी माणूस, आणि दोन्ही हात पसरून, लहान पोरासारखा. "ताई, त्या ॲसिडने फरशीवरचा चुना फसफसतो. हाताची कातडी जाते. नाही. मी नाही घालू देणार."

"अरे, मोजून घालायचंय."

"सकाळीही तू मोजूनच चालेल म्हणालीस ना?"

हौदात तिसरा मासा आडवा झाला.

मला राग यायला हवा होता. माझ्याशी असं कोणी बोललं की मी त्याला सोडत नाही. पण राग कुठून येणार? पाटीवर माझं नाव होतं.

"नाही," मी म्हणाले. "सकाळी मी मोजलं नव्हतं. पीएच विचारायला हवा होता, तो विचारला नाही. चुन्याला हात लावू नकोस हे सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. घाईत होते आणि तू मला विचारतोस याची मला ऐट होती. चूक माझी आहे, बारक्या. पण हे गणित बरोबर आहे."

मी त्याच्याकडे कधी काही कबूल केलं असेल असं मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसावं. तो हौदाकडे वळला.

"आधी एकावर करून दाखव," तो म्हणाला. "आणि मी सांगेन त्याच्यावर."

त्याने पाण्यात हात घातला आणि काठाशी धापा टाकणारी सगळ्यात मोठी मादी दोन्ही हातांवर उचलली. तिला तो थोरली म्हणतो. हौदातल्या निम्म्या माशांची ती आई. मला वाटलं होतं, तो आधीच हातचा गेलेला एखादा देईल. त्याने थोरली दिली. का दिली ते मी विचारलं नाही. बहुधा ती गेली तर बाकीचे वाचून काय, असा त्याचा हिशेब असावा.

मी हातमोजे घातले, वहिनीलाही घालायला लावले. बाटलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, एकास नऊ. उलटं कधीच नाही. हौदाचं दहा लिटर पाणी एका बादलीत घेतलं. माशांनी अंडी द्यावीत म्हणून बारक्या त्यांना इंजेक्शन देतो, त्याची सिरिंज धुऊन आणली. बाटलीतलं एक मिली घातलं, ढवळलं, मीटर धरलं. आठ पूर्णांक सहा. दुसरा मिली. आठ पूर्णांक एक. तिसरा थेंबाथेंबाने. सात पूर्णांक पाच. बादलीला तीन मिली. लिहून घेतलं. चाळीस लिटरच्या टबाला बारा.

हौदाच्या पाण्याने टब भरला, बारा मिली ढवळले, मीटरने पुन्हा पाहिलं, आणि बारक्याने थोरलीला त्यात सोडलं.

ती एका कुशीवर कलली.

"ताई..."

"थांब."

"ताई, ती चाललीय."

"बारक्या, थांब. तिच्या अंगात आधीच शिरलंय ते बाहेर यायला वेळ लागेल. पाण्यातलं लगेच बदलतं, रक्तातलं नाही." हे मी त्याला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोठ्या हौदात पाच आडवे. जेवढा वेळ आम्ही थोरलीकडे बघत होतो तेवढा वेळ बाकीचे त्या पाण्यात होते, हे तिघांनाही कळत होतं.

सव्वादोनला थोरलीचा एक पर हलला. मग ती सरळ झाली, पुन्हा कलली, पुन्हा सरळ झाली. कल्ल्यांची उघडझाप मंदावली. वर आलेलं तोंड तिने पाण्यात घेतलं आणि टबाच्या तळाशी जाऊन बसली. बारक्याच्या तोंडून असा आवाज आला की वहिनीने दचकून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घाल," तो म्हणाला. "घाल तुझं ॲसिड."

सहा हजार लिटर म्हणजे सहाशे बादल्या. प्रत्येकीला तीन मिली. एक लिटर आठशे. मी बारक्याला गणित करायला लावलं. त्याने आधी चूक केली, एकशे ऐंशी म्हणाला. मी काही बोलले नाही. त्याने पुन्हा केलं आणि बरोबर आणलं. निम्मं ॲसिड आधी, हवेच्या पंपापाशी, जिथे बुडबुड्यांनी पाणी घुसळतं तिथे, बारीक धारेने. मीटर आठ पूर्णांक चार. मग उरलेलं, आणखी सावकाश. सात पूर्णांक सात.

मी खाली बसले. माशांनी तोंडं पाण्यात घेतली, एकेक करून, अगदी नाखुशीने.

दहा मिनिटांनी सहज म्हणून मीटर धरलं. आठ.

मला वाटलं मीटर बिघडलं. धुऊन पुन्हा धरलं. आठ पूर्णांक एक. आणि काठाशी दोन तोंडं पुन्हा वर.

"चढतंय," बारक्या म्हणाला. "ताई, चढतंय परत! अजून घाल."

मी बाटली उचललीही. हिशेब बरोबर होता, बादलीत आणि टबात तपासलेला. मग चढतं का? बादलीत चढलं नव्हतं, टबातही नाही. अजून ॲसिड घातलं आणि पीएच एकदम कोसळला तर सगळेच संपतील. नाही घातलं तर हळूहळू संपतील. माझ्या हातात बाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पुढची पायरी सुचत नव्हती.

"ताई," वहिनी हौदात वाकून बघत होती. "ते कोपऱ्यात खाली पांढरं काय आहे?"

चुना. पायरीखाली, पाणी जिथे हलत नाही तिथे, न विरघळलेल्या चुन्याचा चांगला मूठभर थर बसला होता. आम्ही वरून पीएच खाली आणत होतो आणि तो खालून सावकाश विरघळत पुन्हा वर ढकलत होता. बादलीत मी वरचं पाणी घेतलं होतं. त्यात तळचा चुना कुठून असणार?

"पाइप आण!"

बारक्या सरळ हौदात उतरला. छातीपर्यंत पाण्यात, माशांना न ढोसता, पाय न उचलता, घासत घासत कोपऱ्यापर्यंत गेला. पाइपचं एक टोक त्याने चुन्यावर धरलं, दुसरं वहिनीने बाहेर गटारात सोडलं. दुधासारखं पाणी वाहू लागलं. तो पायाच्या अंगठ्याने चाचपून सांगत होता, "अजून आहे... इथे अजून आहे... आता नाही." पाऊण तास तो तसाच होता. मधेच एक मासा त्याच्या पोटाला येऊन टेकला आणि तिथेच मेला. त्याने त्याला एका हाताने बाजूला केलं आणि पाइप सोडला नाही.

मग पुन्हा बादली, पुन्हा सिरिंज. या वेळी बादलीला दीड मिली लागलं. सातशे मिली घातलं, हात राखून. सात पूर्णांक सहा. दर दहा मिनिटांनी मीटर. सात पूर्णांक सहा. सात पूर्णांक सहा. मग साडेसात, आणि तिथून हललं नाही.

पाचपर्यंत आम्ही मेलेले मासे बाहेर काढले. नऊ. बारक्याने ते ओल्या पोत्यावर ओळीने ठेवले आणि प्रत्येकाचा कल्ला उचलून आत पाहिलं. तो त्यांना ओळखत होता. हा दुसऱ्या वर्षीचा, ही गेल्या वर्षी पहिल्यांदा अंड्यावर आलेली, असं हळू आवाजात म्हणत होता. मी ऐकत उभी होते. सकाळी एक प्रश्न विचारायला मला फार तर तीन सेकंद लागले असते. अट लिहिली नाही की मी पोरांचा अर्धा मार्क कापते. त्या पोत्यासमोर उभं राहून मला तो अर्धा मार्क आठवत होता आणि स्वतःची इतकी लाज वाटत होती की वहिनीने दिलेला पाण्याचा पेलाही घेववेना.

हौदात बत्तीस उरले होते, थोरली धरून. तळाशी, गोळा होऊन, पण सरळ.

बारक्याने ओल्या हातांनी नळी भरली, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबला, आणि रंग तक्त्याला लावून पाहिला.

"दोन," तो म्हणाला.

तो पाटीपाशी गेला. मला वाटलं आता तो सकाळची ओळ पुसेल. पुसावी अशी माझी फार इच्छा होती. त्याने पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'संध्याकाळी ५. मेले ९.' त्याच्याखाली, 'अमोनिया २. पीएच ७.५. पाणी ३० अंश.' मग लिहिलं, 'ताई:' आणि खडू तिथेच टेकवून माझ्याकडे वळला.

"चालेल का?" त्याने विचारलं.

सकाळचेच शब्द, आणि आकडाही तोच. उत्तर मला माहीत होतं. चाळीस अमोनियमला एक अमोनिया, झोपेतही सांगता येणारं. तरी मी मीटर घेतलं, हौदाच्या चारी कोपऱ्यांत धरलं, पायरीखालचं तळाचं पाणी पाइपने काढून त्यातही धरलं. पंपाशेजारच्या कागदावर गणित पहिल्यापासून केलं, एकेक पायरी, परीक्षेत करतात तसं. बारक्या हलला नाही. खडू पाटीवर टेकलेला तसाच.

"पीएच साडेसात आहे तोवर चालेल," मी म्हणाले. "उद्या सकाळी विचारताना आधी पीएच सांग. नाही सांगितलास तर मी विचारेन."

त्याने ते सगळं लिहिलं, शब्दन् शब्द. पाटीवर जागा पुरली नाही म्हणून शेवटचे तीन शब्द त्याने खालच्या भिंतीवर लिहिले.